साल्हेरच्या पायथ्याचा मुक्काम

नामपूरच्या माणसाचे लक्ष कायम पश्चिमेकडे. मोसम नदी तिकडूनच येते. आषाढात आमच्याकडे नुसते ढग दाटलेले, अंगणात धूळ उडते आहे, आणि नदीला मात्र गढूळ पाणी चढलेले, असे कितीदा तरी व्हायचे. काठावर उभी म्हातारी माणसे म्हणायची, वर साल्हेर-मुल्हेरकडे चांगलाच झोडपलेला दिसतो. त्या ‘वर’चे आम्हा पोरांना फार अप्रूप. नदीचे पाणी तिकडचे, त्या पाण्यावर भिजणारे फड आमचे. बाजाराला येणारा मोह, हिरडा, डिंक, बांबूच्या टोपल्या तिकडच्या. आणि आजीच्या गोष्टीतले बागुल राजेही तिकडचेच.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. त्या यादीत आमच्या बागलाणचा साल्हेर आहे. बातमी आली तेव्हा नामपूरच्या चौकात फटाके वाजवावेत असे मला वाटले. इतकी वर्षे ज्याचे नाव नाशिकच्या माणसालाही समजावून सांगावे लागायचे, तो डोंगर आता जगाच्या नकाशावर आला. आनंद खराच. पण त्या दिवसापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. आता साल्हेरला लोक जातात आणि येतात. आम्ही साल्हेरला राहायचो. पहाटे गाडी काढून, दुपारी माथा गाठून, संध्याकाळी घरी परतणे एक. आणि त्या डोंगराच्या सावलीत रात्र काढणे वेगळे. त्या मुक्कामाबद्दल लिहायचे आहे.

१९८०च्या आसपासची गोष्ट. नामपूरहून ताहाराबाद, ताहाराबादहून मुल्हेर, आणि पुढे साल्हेर. हा सारा प्रवास लाल एसटीचा. ताहाराबादच्या स्टँडवर तासन्‌तास बसून राहायचे. साल्हेरकडची गाडी आली की टपावर बियाण्याची पोती, रॉकेलचे डबे, कोंबड्यांची खुराडी चढायची. कंडक्टर दारातच विचारायचा, “कथा जावानं शे भो?” आम्ही साल्हेर म्हटले की एकदा आमच्या पायांकडे बघायचा आणि सांगायचा, “ही गाडी मुक्कामी शे. आज परत येणार नही.” आम्हाला तरी कुठे परत यायचे होते! मुक्कामी गाडीचा एक दिलासा असतो. ती रात्रभर गावात उभी असते, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या नाहीतर देवळाच्या ओट्यावर झोपलेले असतात, आणि सकाळी तिच्या भोंग्याने गाव जागे होते. गाडी मुक्कामाला आहे म्हणजे आपणही इथे राहिलेले चालते, असे वाटायचे.

लॉज हा शब्द आमच्या लेखी सटाण्याचा किंवा मालेगावचा. डोंगरात लॉज नव्हता, हॉटेल नव्हते, तंबूही नव्हते. मुक्कामाची ठिकाणे तीन. मुल्हेर गावातले उद्धव महाराजांचे मंदिर, मुल्हेरच्या गडावरचे सोमेश्वर आणि साल्हेरच्या पायथ्याला वाघांब्यातले ओळखीचे घर.

मुल्हेर गावाला पाऊल टाकले की हे एके काळी राजधानीचे गाव होते, हे कुणी सांगावे लागत नाही. मोठमोठ्या चिऱ्यांची जोती, जुन्या वाड्यांचे लाकडी खांब, गल्लीच्या टोकाला एकदम दिसणारा डोंगर. उद्धव महाराजांच्या समाधिमंदिरात रात्रीपुरता आसरा मिळायचा. सारवलेली जमीन, कोपऱ्यात टाळ-मृदंग, सकाळी काकड्याला जाग. कोजागरीला तिथे रासक्रीडा होते. ही परंपरा शतकांची आहे. भले मोठे चक्र केळीच्या पानांनी आणि फुलांनी सजवून वर चढवतात, खाली पोरे राधा-कृष्ण-गोपी होऊन नाचतात, पदे रात्रभर चालतात. नामपूरहून आमच्या घरची मोठी माणसे त्या रात्रीला आवर्जून जायची. परतताना बैलगाडीत झोप यायची, पण डोळ्यांपुढे ते चक्र फिरत राहायचे.

गावापासून गडाची वाट धरली की चढ संपतो तिथे माची लागते. गणपतीचे देऊळ आणि त्याच्यापुढे तळे. सकाळी वारा पडलेला असताना देवळाचे प्रतिबिंब तळ्यात असे उतरते की खांब खालून वर आले आहेत की वरून खाली गेले आहेत, कळत नाही. काठाच्या पायऱ्यांवर बसले की पाण्यात पाय सोडायचा मोह होतो. आजूबाजूला साग, पळस, करवंदीच्या जाळ्या, आणि झाडीत जागोजागी चौथरे. हा वाडा, ही टाकी, ही कमान. एका चौथऱ्याच्या मधोमध उंबर उगवलेला होता आणि त्याची मुळे चिऱ्यांच्या सांध्यांतून उतरून दगडांना धरून बसली होती. मुळांनी एकीकडे भिंत फोडलेली, दुसरीकडे तीच भिंत सावरलेली. त्या झाडाखाली आम्ही भाकरी सोडायचो.

त्या चौथऱ्यांवर एक राज्य नांदले होते. बागुल राजांनी इथून बागलाण राखले. १५९६ मध्ये रुद्रकवीने त्यांच्या वंशावर ‘राष्ट्रौढवंश’ नावाचे संस्कृत महाकाव्य लिहिले. एवढ्याशा डोंगरी राज्याच्या दरबारात महाकाव्य लिहिणारा कवी होता, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आम्हाला कधी भेटली नाही. मुल्हेरच्या टांकसाळीत ‘महमुदी’ नावाची चांदीची नाणी पाडली जात, आणि ती सुरतेच्या बाजारापर्यंत चालत. सुरतेकडून दख्खनेत यायच्या वाटा बागलाणातून जात, म्हणून या राज्याकडे सगळ्यांचे डोळे. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त बागलाणच्या फळांचे कौतुक आहे आणि त्यात द्राक्ष आणि डाळिंब ही दोन्ही नावे आहेत. चारशे वर्षांनी मोसम खोऱ्यातल्या शेतकऱ्याने पुन्हा हीच दोन फळे लावून नशीब आजमावले. पुढे १६३८ मध्ये औरंगजेबाने, तो दख्खनचा सुभेदार असताना, मुल्हेर घेतले आणि ते राज्य संपले.

सोमेश्वराच्या देवळात एक बाबा राहायचे. त्यांचे गाव, नाव कुणी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. कुणी आले की धुनी पेटवायची, टाक्याचे पाणी दाखवायचे आणि अंधार पडायच्या आत लाकडे गोळा करून आणायला लावायची, एवढा त्यांचा शिरस्ता. त्यांच्याकडे शिधा द्यायचा, म्हणजे रात्री सगळ्यांचे एकत्र शिजायचे. देवळाच्या दगडी भिंतीला दिवसभराचे ऊन मुरलेले असे. पाठ टेकली की मध्यरात्रीपर्यंत ती ऊब पुरायची. मग थंडी सुरू व्हायची आणि धुनीजवळ सरकावे लागायचे. डावीकडे मोरागड, उजवीकडे हरगड, मधे आपण. रात्री डोंगर दिसत नसत. जिथे चांदण्या नाहीत तिथे डोंगर आहे, असे समजायचे.

पण खरा मुक्काम वाघांब्याचा. साल्हेर आणि सालोटा या जोडडोंगरांच्या पायथ्याला कोकणा आदिवासींचे हे गाव. आमचे नामपुरात किराणा दुकान. वाघांब्याचे एक गृहस्थ वर्षातून काही वेळा बाजाराला येऊन मीठ-मिरची, गूळ, कापड आमच्याकडून नेत आणि नागली-खुरासणी आमच्याकडे टाकत. माझे वडील त्यांना दादा म्हणत, म्हणून आम्हीही. पहिल्यांदा गेलो तेव्हा वडिलांनी एकच बजावले होते: रिकाम्या हाताने जायचे नाही आणि पैशाची गोष्ट काढायची नाही. मग पिशवीत चहाची पूड, गुळाची ढेप आणि आमच्या खळ्यातले कांदे. जाताना ती पिशवी जड, आणि येताना त्यात नागलीचे पीठ, वरईचे तांदूळ, कधी मोहाची फुले. रिकामी पिशवी कधी परत आली नाही.

घर कुडाचे. कारवीच्या आणि बांबूच्या काठ्या उभ्या रोवून त्यावर शेणमातीचा लेप. वर कौले, आत काळोख. एका अंगाला गुरे, मधे कंबरेएवढी आडभिंत, दुसऱ्या अंगाला चूल. बांबूची कणगी धान्याने भरलेली. पाहुण्याची जागा पडवीत. बाजेवर गोधडी टाकलेली, बाजेखाली कुत्रे. बिबट्याची भीती होती, पण बिबट्या कुत्र्यासाठी येतो, माणसासाठी नाही, असे दादा समजावून सांगायचे. त्या स्पष्टीकरणाने आम्हाला कितपत धीर यायचा ते वेगळे. कुत्र्याला मात्र आम्ही फार जपायचो.

संध्याकाळी चुलीपुढे त्या घरातल्या आजी बसायच्या. नागलीची भाकरी करताना मी पहिल्यांदा त्यांनाच पाहिले. ज्वारी-बाजरीसारखे पीठ थेट मळत नव्हत्या. आधणात पीठ सोडून, झाकून, उकड काढायची. ती गरम गरम काठवटीत घेऊन पाण्याचा हात लावत तळव्याच्या टाचेने रगडायची. रगडले नाही तर भाकरीला कडेने चिरा पडतात. मग गोळा दोन्ही हातांच्या मधे घेऊन हातावरच थापायचा, पोळपाट नाही, परात नाही. काळपट तांबडी भाकरी तव्यावरून निखाऱ्याला लागली की फुगायची. तिच्यासोबत उडदाची पातळ डाळ, लसूण-मिरचीची, आणि खुरासणीची चटणी. खुरासणी भाजली की तिचा वास घरभर फिरायचा. पळसाच्या पत्रावळीवर वाढलेले ते जेवण नामपूरच्या कुठल्याही पंगतीपेक्षा मला जास्त गोड लागायचे. आजी कमी बोलायच्या. पत्रावळीवरची भाकरी संपत आली की दुसरी येऊन पडायची, आणि नको म्हटलेले त्यांना ऐकू जात नसे.

जेवण झाले की चिमणी दाराच्या चौकटीवर ठेवायची. तेवढ्या उजेडात गावातली चार माणसे येऊन बसायची. नामपुरात कांद्याला काय भाव, मोसमला पाणी किती, फडावर यंदा काय लावणार. आम्हाला वाटायचे, आपण डोंगरातल्या माणसांकडे आलो; त्यांना आमच्या फडाच्या पाण्याची चौकशी. आमचा फड ज्या पाण्यावर, ते आधी त्यांच्या बांधावरून वाहून येते, याची त्यांना जाण होती. फड पद्धत म्हणजे नदीवर बंधारा, बंधाऱ्याचा पाट, पाटावर फड, आणि पाळीने पाणी सगळ्यांना. पाटकरी आणि जागल्या ठेवून गावाने गावासाठी सांभाळलेले. ती पद्धत आमच्या खोऱ्यात कित्येक पिढ्या चालली. पुढे मोसमवर हरणबारीचे धरण झाले, विहिरी खोल गेल्या, आणि वरच्या गावाचा खालच्या गावाशी असलेला रोजचा हिशेब कमी होत गेला.

मार्गशीर्षात गेलो तर डोंगऱ्यादेवाचा उत्सव चाललेला असायचा. व्रत धरलेली माणसे रात्री फेर धरून नाचायची, मधे पावरी वाजायची. दुधी भोपळ्याचे आणि बांबूचे ते वाद्य. त्याचा सूर दोन डोंगरांच्या मधे घुमायचा आणि कुठून येतो आहे ते कळायचे नाही. ही माणसे डोंगरालाच देव मानतात, रात्री त्याच्या कपारीशी जाऊन त्याची पूजा करतात. आम्ही ज्याला किल्ला म्हणून बघायला आलो होतो, तो त्यांचा देव होता. तिथे बुरूज आणि दरवाजे नंतर आले.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादा पुढे आणि आम्ही मागे. साल्हेर-सालोट्याच्या खिंडीत पोहोचेपर्यंत ऊन वर यायचे. तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्या, एकामागे एक दरवाजे, पोटात खोदलेल्या गुहा, आणि वर गंगासागर तलाव. सर्वांत वर परशुरामाचे छोटेसे मंदिर. परशुरामाने इथूनच बाण सोडून समुद्र मागे हटवला आणि कोकण निर्माण केले, अशी कथा सांगतात. साल्हेरची उंची १५६७ मीटर, कळसूबाईच्या खालोखाल महाराष्ट्रात दुसरी. माथ्यावर उभे राहिले की पश्चिमेला गुजरातेतल्या डांगचे जंगल, पूर्वेला मांगी-तुंगीचे सुळके आणि त्यांच्या पलीकडे कुठेतरी धुरकट झालेले आमचे मोसम खोरे.

दादा लढाई सांगायचे. फेब्रुवारी १६७२. एकीकडून मोरोपंत पिंगळे, दुसरीकडून प्रतापराव गुजर, आणि मधे मोगलांचे सैन्य. सूर्यराव काकडे इथे पडले, इखलासखान कैद झाला. मराठ्यांनी उघड्या मैदानात मोगलांची मोठी फौज मोडल्याची ही लढाई, गनिमी काव्याची नव्हे. दादांना लिहिता-वाचता येत नव्हते. सन त्यांनी कधी सांगितला नाही. पण घोडी कुठून आली, पाणी कुठे होते, कोणत्या पठारावर गर्दी झाली असेल, हे ते हात करून दाखवायचे, आणि त्यांच्या हाताच्या दिशेने पाहिले की पुस्तकातली लढाई जमिनीवर उतरायची. रोज त्या पठारावर गुरे चारणाऱ्या माणसालाच ते जमते.

या आठवणी कितीही गोड असल्या, तरी त्या दिवसांची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. आमच्या मुक्कामाला जे साधेपण वाटायचे, ते त्या घरातल्या बायांचे कष्ट होते. चैत्र-वैशाखात झऱ्यावर रात्रीच नंबर लागायचा. आमच्या आंघोळीची कळशी कुणाच्या तरी डोक्यावरून चढ चढून आलेली असे. आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत न्यावे लागे. दिवाळी झाली की निम्मे गाव कामाला बाहेर पडायचे, कुणी गुजरातेत, कुणी नाशिककडच्या द्राक्षबागांत. चिमणीच्या उजेडात बसायला आम्हाला एक रात्र छान वाटायचे. त्याच उजेडात अभ्यास करणाऱ्या पोराला काय वाटत असेल, हे मला खूप उशिरा, माझी स्वतःची मुले शाळेत जाऊ लागल्यावर उमगले.

म्हणून आज वाघांब्याला जातो तेव्हा बदल पाहून बरे वाटते. डांबरी रस्ता घरापर्यंत. वीज आहे, नळ आहे, पोरे मोटारसायकलवरून कॉलेजला जातात. कुडाच्या जागी विटांच्या भिंती, कौलांच्या जागी पत्रा नाहीतर स्लॅब. दादा आणि आजी आता नाहीत. त्यांचा नातू शनिवार-रविवारी किल्ल्यावर येणाऱ्यांना वाट दाखवतो, फोनवर सांगून ठेवले तर त्याच्या घरी जेवण तयार असते. तीच नागलीची भाकरी, तीच उडदाची डाळ. आता तिला दर आहे, आणि तो असायलाच हवा. पिशवीतल्या गुळाच्या ढेपेवर संसार चालत नाही. मांगी-तुंगीला ऋषभदेवांची १०८ फुटी मूर्ती २०१६ मध्ये उभी राहिली, तेव्हापासून त्या बाजूला यात्रेकरूंची सोयही मोठी झाली. सगळ्या खोऱ्यात माणसांची ये-जा वाढली.

पण ये-जा वाढली तसा मुक्काम आक्रसला. गाड्या पहाटे खिंडीच्या दिशेने येतात. माणसे धावत वर जातात, परशुरामाच्या मंदिरापाशी फोटो काढतात आणि दुपारी उतरून निघतात. गंगासागराच्या काठाला पाण्याच्या बाटल्या आणि खाऊची पाकिटे. गुहेत रात्र काढणारे असतात, पण सोबत स्पीकर असतो, आणि ज्या डोंगरात पावरीचा सूर घुमायचा तिथे दुसरेच गाणे घुमते. गावात शिरतात ते गाडी लावायला. मुल्हेरच्या माचीवरच्या तळ्याकाठी सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. देवळाचे प्रतिबिंब पाण्यात आहे, पण वारा पडायची वाट बघायला कुणाला वेळ नाही. सगळे किल्ला बघून जातात; किल्ल्याखालचे गाव न बघताच.

असा मुक्काम जगाच्या दुसऱ्या टोकाला मात्र लोक मुद्दाम शोधत जातात. तिथे, मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात, तिकाल नावाचे माया लोकांचे प्राचीन नगर आहे. घनदाट जंगलातून त्याची मंदिरे वर आली आहेत. सर्वांत उंच मंदिर ६५ मीटरच्या आसपास. १९५६ ते १९७० या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथे उत्खनन केले आणि १९७९ मध्ये ते जागतिक वारसा झाले. अवशेषांना लागूनच तिथे साधे लॉज आहेत. ठरावीक वेळेनंतर वीज बंद होते. मग लोक मच्छरदाणीत पडून जंगलातल्या माकडांच्या आरोळ्या ऐकतात आणि पहाटे उठून देवळावर चढतात. दूरदूरच्या देशांतून माणसे येतात, पैसे मोजतात, आणि मिळते काय? अंधार, शांतता आणि अवशेषांच्या शेजारी एक रात्र. वाघांब्याच्या पडवीत आम्हाला हेच मिळायचे.

एक फरक मात्र मोठा आहे. माया वंशाची माणसे आजही ग्वाटेमालात आहेत; पण तिकालचे नगर हजारएक वर्षांपूर्वी ओस पडले, त्या मंदिरांच्या पायाशी राजांच्या काळापासून नांदत आलेले घर नाही. साल्हेर-मुल्हेरचे तसे नाही. गडावरचे वाडे पडले, पण मुल्हेरात रासाचे चक्र दर कोजागरीला चढते, डोंगऱ्यादेवाला मार्गशीर्षात फेर धरला जातो, आणि लढाईची जागा हात करून दाखवणाऱ्या माणसाचा नातू आजही त्याच पायवाटेने पुढे चालतो. आमचा वारसा दगडांपुरता कधीच नव्हता. त्याच्या पायथ्याला माणसे राहतात, आणि ती माणसे त्या वारशाचा जिवंत भाग आहेत.

हे लिहितो आहे ते याच काळजीने. जागतिक वारशाचा मान मिळाला की मागोमाग सोयी येतात, आणि त्या याव्यातच. पायऱ्या दुरुस्त व्हाव्यात, टाकी साफ व्हावीत, माहितीचे फलक नेटके लागावेत, प्रसाधनगृहे असावीत. पण राहण्याची सोय बाहेरून कुणी जमीन घेऊन बांधलेल्या मोठ्या हॉटेलात झाली, तर पायथ्याच्या वाघांब्याचा आणि साल्हेरवाडीचा तरुण त्या हॉटेलात ताट उचलायला उभा राहील, आणि ज्या घराने पिढ्यान्‌पिढ्या पाहुणा ठेवला ते घर कुलूप लावून द्राक्षबागेत कामाला जाईल. त्यापेक्षा गावातल्याच घरांना दोन खोल्या, पाणी आणि स्वच्छ संडास यांसाठी हातभार लावा. पाहुणे वाटून घेण्याची पाळी गावाने ठरवावी. आमच्या खोऱ्याने फडाचे पाणी पाळीने वाटून दाखवले आहे. पाहुणे वाटणे त्याहून अवघड नाही. दिव्यांचे खांब गावापुरते असावेत, गडाकडे अंधार राहू द्यावा. रात्री स्पीकर बंद, एवढा एक नियम सगळ्यांनी पाळावा.

आणि जाणाऱ्यांना, विशेषतः आमच्या बागलाणच्या, मालेगाव-धुळ्याच्या आणि नाशिकच्या तरुणांना एक विनंती. साल्हेरला जाल तेव्हा संध्याकाळच्या बेताने जा. आधी गावात शिरा, कुणाच्या तरी ओट्यावर बसा, आपण कुठले ते सांगा आणि त्यांना त्यांचे विचारा. जेवण त्यांच्याकडे घ्या, ठरलेला दर द्या, घासाघीस करू नका. वाट दाखवायला त्यांच्यातलाच एक सोबत घ्या. पुस्तकात न सापडणारी लढाई तो तुम्हाला दाखवेल. रात्र तिथेच काढा. जमले तर पिशवीतून आपल्या शेतातले काहीतरी न्या, कांदे असोत, डाळिंबे असोत. आमच्या वडिलांनी घालून दिलेली ही रीत आजही तितकीच शोभून दिसते, दर दिला तरी.

गड दगडांनी उभा राहिला. पण त्याच्या भेटीला आलेल्या प्रत्येकाला निवारा दिला, पाणी दिले, वाट दाखवली ती पायथ्याच्या घरांनी. जगाने आता दगडांचा मान केला आहे. घरांचा मान आपण करायचा आहे.